जातीने हजर

अंधेरीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मी गेले होते ती खाडीच्या बांधाची वर्गणी मागायला. हातात काकांनी दिलेली वही होती. तिच्या एका पानावर खातेदारांची नावं, नावापुढे जमीन किती ते, आणि त्यापुढे दोन रकाने: माणसं आणि पैसे. अर्ध्या एकराला एक माणूस एक दिवस, नाहीतर त्या दिवसाची मजुरी, असा आमच्याकडचा हिशेब. अठ्ठावीस नावांपुढे खूण झाली होती. एकोणतिसाव्या ओळीत मात्र माणसाचं नाव नव्हतं. शेवटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असलेलं एक लांबलचक नाव होतं, साडेअकरा एकर असा आकडा होता, आणि पुढचे दोन्ही रकाने कोरे होते. “बाय, तू तिकडंच रातेस, जरा जाऊन बगशील?” एवढंच काका फोनवर म्हणाले होते. म्हणून नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी ठाण्याहून निघाले. तेवीस माणसं, नाहीतर 11,500 रुपये.

काचेच्या दाराआड गारवा होता, कॉफीचा वास होता. समोरच्या भिंतीवर कंपन्यांच्या नावांच्या पट्ट्या एकाखाली एक, चाळीसेक तरी असतील. आमची कंपनी खालून तिसरी. टेबलापाशी बसलेला मुलगा विशी-बाविशीचा, अदबीनं बोलणारा. म्हणाला, “ताई, इथे त्यांचं कोणी बसत नाही. इथे फक्त टपाल येतं. महिन्यातून एकदा कोणीतरी येऊन घेऊन जातं.” मी पत्र दिलं. त्यानं ते नीट वाचलं, माझ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारला, मला प्यायला पाणी आणून दिलं. मी निघाले तेव्हा लिफ्टपर्यंत आला आणि विचारलं, “ताई, बांध म्हणजे शेताचा बांध?” मी सांगितलं, नाही, खाडीचा, तो फुटला की खारं पाणी आत येतं, सगळ्यांचं भात जातं. त्यानं जरा विचार केला. “मग त्यांचंही शेत आहे तिथे, तर ते येत नाहीत?”

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. तेव्हापासून तो माझ्या मागे लागला आहे.

खारेपाटात वाढलेल्या माणसाला बांध समजावून सांगावा लागत नाही, तो अंगातच असतो. पेण आणि अलिबाग या दोन तालुक्यांच्या मध्ये जो सपाट, झाडं कमी आणि आभाळ जास्त असलेला पट्टा आहे, तो मुळात समुद्राचाच. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी चिखलाची भिंत घालून तो मागून घेतला. पूर्ण भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की एका हाताला पाणी वर दिसतं आणि दुसऱ्या हाताला भात खाली दिसतं. लहानपणी मला ते दृश्य जगातलं सगळ्यात साधं दृश्य वाटायचं. ते किती नाजूक आहे हे कळायला एक फुटलेली रात्र पाहावी लागली. बांधाच्या तळाशी उघाडी असते, लाकडी झडपांची. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. उघाडीची फळी कुजली का, चिंबोऱ्यांनी बांधाला भोकं पाडली का, हे कुणीतरी रोज पाहायला लागतं. काका अजूनही बांधावरून अनवाणी चालतात. कुठे ओल लागते ते पायाला कळतं, म्हणतात. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

गेल्या श्रावणात पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला, खांड गेली. रात्री दीडच्या सुमाराला. मी तेव्हा गावीच होते, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर तिच्यासोबत राहायला आलेले. आधी बेडूक गप्प झाले, असं आई म्हणते. मला तसं काही आठवत नाही. मला आठवतो तो आवाज, मोठ्या भांड्यातून पाणी ओतत राहावं तसा, न थांबणारा. आणि बॅटऱ्यांच्या उजेडात दिसलेलं ते दहा-बारा हात रुंद भगदाड, आणि त्यातून आत येणारं पाणी, ज्याचा वास खाडीचा होता. लोंबीत दूध भरायच्या आधीचं भात होतं. पहाटे ओहोटी लागली आणि लोक उतरले. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत जे काय करायचं ते करायचं, समुद्र सवड देत नाही. बांबूच्या खुंटांच्या दोन ओळी ठोकल्या, मध्ये पेंढा आणि चिखल, पोत्यांत भरलेली माती, पुन्हा पेंढा. घमेली हातोहात जात होती. दोन ओहोट्या लागल्या. बायका, शाळेतली मुलं, मुंबईहून रात्रीतून गाडी करून आलेले दोन भाऊ, ज्यांनी दहा वर्षांत चिखलात पाय घातला नव्हता. तेही उतरले, कारण त्यांच्या आईचा फोन गेला होता.

खांड गेली होती ती कंपनीच्या गटाच्या समोर.

हे मी आरोप म्हणून लिहीत नाही. बांध कुठेही फुटू शकतो. पण गेली नऊ वर्षं त्या तुकड्यावरून कुणी अनवाणी चाललेलं नाही, एवढं खरं. तिथे भात लागत नाही. सभोवती तारेचं कुंपण आहे, एक गंजलेला फलक आहे. आत गुडघाभर गवत, आणि खाडीकडच्या कडेला तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं उगवायला लागलेली. तिवरं ही चांगली गोष्ट आहे, खाडीला आणि माशांना हवीच आहेत, ती तोडायला न्यायालयाची मनाई आहे ती बरोबरच आहे. पण शेतात खारं पाणी शिरून तिवरं माजली की ते शेत पुन्हा शेत होत नाही, हेही आमच्याकडच्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. शेजारच्या गटात उभ्या असलेल्या माणसाचं शेत त्याच्या काही एक चुकीशिवाय हळूहळू खाडीत जातं. पाणी आत आलं की मीठ मागे राहतं, उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी साय धरते. ती धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. तेवढे पावसाळे भाताशिवाय काढणं ज्याला जमत नाही, तो जमीन विकायला काढतो. आणि खार लागलेल्या जमिनीला भाव कोण देणार? तोच, ज्याला भात लावायचंच नाही.

पूर्वी या बांधाचं काम गावकी पाहायची. जुनी माणसं त्या व्यवस्थेला जोळ म्हणतात. कुणी किती माणसं पाठवायची, कुणी उघाडीवर रात्री जायचं, न येणाऱ्याला काय दंड, सगळं ठरलेलं. पुढे सरकारनं खारभूमीचे कायदे केले, 1948 चा आणि मग 1979 चा, खारभूमी खातं आलं, आणि लोकांनी घमेली ठेवून दिली. खात्याकडे ज्या योजना आहेत त्यांची डागडुजी खात्यानं करायची. पण आमची खार खाजगी, म्हणजे सरकारच्या यादीत नसलेली. म्हणून आमच्याकडे ती वही अजून चालू आहे. खरं तर त्या वहीवरच आमचं गाव टिकून आहे, असं मला हल्ली वाटतं. तिला ना शिक्का आहे ना नोंदणी. न येणाऱ्याला शिक्षा एकच: नाव पुकारल्यावर सगळ्यांनी मान वळवून पाहायचं. ज्याला मान वळवून पाहता येत नाही त्याच्यावर ही वही चालत नाही.

अंधेरीहून परत येताना लोकलमध्ये मला एक शब्द आठवत राहिला. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत कूळकायद्याचा दाखला आहे, कलम 32 म चा, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. बाबा असताना एकदा आम्ही तो दिव्याखाली वाचला होता. पुढे मी त्या कायद्याचं मराठी पुस्तक आणून वाचलं. त्यात शेतकरी कोणाला म्हणायचं, तर जो ‘जातीने जमीन कसतो’ त्याला. आजच्या कानाला या शब्दात भलतंच काही ऐकू येईल, पण इथे जातीने म्हणजे स्वतः, आपल्या देहानं. ‘पाटील जातीने हजर होते’ म्हणतो तसं. स्वतःच्या कष्टानं, घरच्यांच्या कष्टानं, किंवा मजूर लावून पण स्वतःच्या देखरेखीखाली. 1948 च्या त्या कायद्याच्या 63 व्या कलमानं सांगितलं की जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकता येणार नाही. आणि कंपनीला देह कुठून असणार? ती जातीने कशी कसणार? इतकी साधी, इतकी सरळ भिंत घातली होती आपल्या लोकांनी.

ती भिंत कुणी सहज घातलेली नाही. आजीचं माहेर अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या बाजूचं. 27 ऑक्टोबर 1933 ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही, आणि पंचवीस गावं सहा वर्षं त्या शब्दाला राहिली. आजीचा जन्म संपातला. ती सांगायची ते तिच्या आईकडून ऐकलेलं: शेतं समोर पडीक, आणि माणसं खाडीत निवट्या नि चिंबोऱ्या धरतायत, डोंगरात जाऊन लाकूडफाटा आणून विकतायत. भाताच्या देशात भात नाही. त्याच चरीला बाबासाहेब आले होते, आणि 17 सप्टेंबर 1937 ला मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. 1939 चा कूळकायदा, मग 1948 चा, मग 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारी कुळं मालक मानली गेली. आजोबांचा तो दाखला म्हणजे या रांगेतलं शेवटचं टोक. आजी त्याला ‘संपाचा कागद’ म्हणायची. कायद्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं, पण कागद कुठून आला ते पक्कं ठाऊक होतं.

भिंतीला पहिली खांड कधी गेली तेही सांगता येतं. 1994 साली कायद्यात 63 एक-अ हे कलम आलं. ‘खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी’ शेतकरी नसलेल्यालाही, म्हणजे कंपनीलाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जमीन घेण्याची वाट खुली झाली. कारखाने यावेत, हाताला काम मिळावं, हा त्यामागचा विचार मी वाईट म्हणणार नाही. आमच्या गावातली निम्मी घरं नागोठणे-रोह्याच्या कारखान्यांतल्या पगारावर उभी राहिली. पण वाट एकदा केली की तिच्यावरून कोण चालेल ते वाट ठरवत नाही. शिवाय दुसऱ्याही वाटा आहेत, त्या कायद्यात लिहिलेल्या नाहीत. राज्यात दुसरीकडे कुठेतरी वीस गुंठे नावावर करून शेतकरी असल्याचा दाखला काढायचा. साठेखत करायचं, कुलमुखत्यारपत्र घ्यायचं, खरेदीखत पुढे कधीतरी. जमीन एका माणसाच्या नावावर घ्यायची आणि त्यावर दहा जणांनी पैसे लावायचे. सीलिंगच्या कायद्यानं कोरडवाहू 54 एकर, बारमाही पाण्याची 18 एकर अशी मर्यादा 1975 पासून घातली आहे, तर एका घराण्याच्या दहा कंपन्या काढायच्या. दुय्यम निबंधकाच्या टेबलावर येतो तो एक दस्त. त्या दस्तामागे चाळीस पट्ट्यांची भिंत आहे का, ते तपासणं त्याचं काम नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला जड जातं.

कंपनीकडे आमच्या गावात पाच गट आहेत. त्यातला एक आमचा होता. 1998 साली बाबांनी वीस गुंठे विकले. माझ्या इंजिनीअरिंगची फी होती, आईच्या पोटाचं ऑपरेशन होतं, आणि सलग दोन वर्षं भाताला भाव नव्हता. घेणारे मुंबईचे एक सज्जन डॉक्टर, शेतकऱ्याचा दाखला असलेले. गुंठ्याला 6,000 रुपये मिळाले. त्यांनी वर्षभर आंब्याची कलमं लावून पाहिली, खाऱ्या वाऱ्यात ती जगली नाहीत, मग पुढे तो गट कंपनीकडे गेला. म्हणजे मी ज्या पगाराच्या जोरावर शनिवारी अंधेरीला जाऊन कंपनीकडे वर्गणी मागते, तो पगार त्या गटातूनच उगवला आहे. बाबांनी विकलं ते चूक केलं असं मी कधी म्हणणार नाही. त्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी त्या तुकड्याच्या बांधावर जाऊन बसत. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, “इथला वाल लय मऊ शिजतो.” बाकी काही बोलले नाहीत. विकणाऱ्याला दोष देणारं कुणाचंही बोलणं मला म्हणूनच सहन होत नाही. 

आणि म्हणूनच या प्रश्नाची दुसरी बाजूही मला टाळता येत नाही. गिऱ्हाईक कमी केलं की भाव पडतो. शेतकरी सोडून कुणी घ्यायचं नाही असा कडक नियम केला तर अडलेल्या शेतकऱ्याला त्याच्यासारख्याच अडलेल्याला विकावं लागेल. किसानपुत्र आंदोलनाची मंडळी तर सीलिंगचा कायदाच रद्द करा म्हणतात. शेतकऱ्याच्या पायातल्या बेड्या आहेत या, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा राग खरा आहे, त्यांनी मोजलेल्या आत्महत्या खऱ्या आहेत. शेतमालाचा भाव सरकारनं पाडायचा आणि जमिनीचा भाव कायद्यानं बांधायचा, हा दुहेरी मार आहे. माझा चुलत भाऊ मला हेच ऐकवतो. “तू नोकरी करतेस, तुला वहीचं कौतुक. मला पोरीला नर्सिंगला घालायचंय.” तो बरोबर बोलतो. पण त्या रात्री त्याच भावानं पहिला खुंट ठोकला होता. आणि कंपनीच्या गटातून आलेलं पाणी त्याच्याच दीड एकरात सगळ्यात आधी शिरलं. आता त्याची जमीन दोन वर्षं पिकणार नाही. मग तिचा भाव किती राहील? मोकळा बाजार म्हणतात तो त्याला त्याच्या शेजाऱ्यानं, न येताच, मिळवून दिला.

माझ्या डोक्यात जे आहे ते इथे येऊन थांबतं. शेतजमीन ही एकट्याची वस्तू असती तर ज्याची त्याला विकू द्या, असं मीही म्हटलं असतं. खारेपाटात ते दिसायला सोपं आहे कारण मध्ये बांध आहे. पण देशावर तरी काय वेगळं? पाटाच्या पाण्याची पाळी, ओढ्याचं वळण, गाडीवाट, विहिरीचा झरा, गावरान चराई, या सगळ्याला जमीनधारक लागतो तो हाक मारल्यावर ओ देणारा. शेतजमिनीच्या कायद्यानं विकत कोण घेतोय एवढंच विचारून भागत नाही. इथे राहून तिचा भार कोण उचलणार, हेही विचारायला हवं. 63 व्या कलमानं ‘जातीने’ हा शब्द धरून तेच विचारलं होतं. आपण तो शब्द सोडला.

2008 सालच्या सप्टेंबरची 21 तारीख मला आठवते. मी नोकरीला लागून काही वर्षं झाली होती, मुद्दाम सुट्टी काढून गावी आले होते. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांनी जमीन द्यायची की नाही याचं मतदान होतं. एन. डी. पाटील सर वयाच्या ऐंशीकडे झुकलेले, पण उन्हातान्हात गावोगाव फिरले होते. मतदानाला आलेल्या म्हाताऱ्या बायका नऊवारी नेसून, गजरे माळून आल्या होत्या, लग्नाला जावं तशा. गावांनी काय कौल दिला ते आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे, आणि तो सेझ उभा राहिला नाही. पुढे 2013 चा भूसंपादन कायदा आला. खाजगी कंपनीसाठी सरकारनं जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधितांची संमती हवी असं त्यात लिहिलं गेलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. पण संमती लागते ती सरकार जमीन घेतं तेव्हा. एक एक गट, एक एक अडलेला माणूस गाठून, वीस वर्षं शांतपणे घेत गेलं तर कुणाच्याच संमतीची गरज नाही. मतपेटी नाही, मोर्चा नाही, गजरे नाहीत. सेझला जे जमलं नाही ते चहाच्या टपरीवर बसणारे दोन दलाल करतात. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी पेण-पनवेल-उरणमधल्या 124 गावांच्या नव्या शहराची अधिसूचना निघाली, आणि टपरीवर दोनाचे सात झाले.

इतर राज्यांकडे पाहिलं तर दोन्ही दिशांना वाटा गेलेल्या दिसतात. कर्नाटकानं 2020 साली शेतकरी नसलेल्यांनाही जमीन घ्यायची मोकळीक दिली. हिमाचलानं मात्र 1972 च्या कायद्यातलं 118 वं कलम अजून धरून ठेवलं आहे. आणि गोव्यानं, जिथे जमिनीचा भाव आपल्यापेक्षा वेडा आहे, 2023 साली भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला कायद्यानं बंदी केली. मला गोव्याची गोष्ट जवळची वाटते कारण तिथल्या खाजन जमिनी म्हणजे आमचा खारेपाटच. आम्ही जिला उघाडी म्हणतो तिला तिकडे मानस म्हणतात. बांधाची निगा राखायला कुळांच्या संघटना तिथे कायद्यानंच मानलेल्या आहेत. त्यांचंही सगळं सुरळीत आहे असं नाही, बांध तिथेही फुटतात. पण निदान वहीला कायद्याची ओळख आहे.

मला काय हवंय ते मी कागदावर मांडून पाहिलं, आणि ते फार काही मोठं निघालं नाही. सातबाऱ्यावर कंपनीचं नाव येत असेल तर तिच्यामागची हाडामांसाची माणसं कोण, ते गावाला वाचता यावं. एकाच घराण्याच्या दहा कंपन्यांची जमीन सीलिंगसाठी एकत्र मोजावी. शेतकरी नसलेल्याकडे जमीन जाण्याआधी ग्रामसभेला नोटीस यावी, आणि शेजाऱ्यांना त्याच भावात घेण्याची पहिली संधी मिळावी. त्यासाठी त्यांना कर्ज मिळावं, नाहीतर ती संधी कागदावरच राहील. आणि बांधाची, पाटाची, वाटेची जबाबदारी जमिनीबरोबर जावी, घेणारा कुणीही असो. ती पार न पाडणाऱ्याच्या सातबाऱ्यावर तसा बोजा चढावा. सोसायटीचं कर्ज थकलं तर आमच्या ‘इतर अधिकारा’त लगेच बोजा चढतो ना?

तलाठ्याकडून मी कंपनीच्या पाचही गटांचे उतारे काढले. चारांवर 63 एक-अ चा शेरा आहे. त्या कलमात एक गोष्ट चांगली आहे: ठरलेल्या मुदतीत जमीन उद्योगासाठी वापरली नाही तर जिल्हाधिकारी ती घेतलेल्या किमतीत परत घेऊ शकतात. नऊ वर्षांत तिथे कुंपण आणि फलक सोडून काही उभं राहिलेलं नाही. मी अर्ज लिहिला. अठ्ठावीस खातेदारांच्या सह्या, त्यात सहा अंगठे. चुलत भावानंही सही केली. पेन परत देताना म्हणाला, “भाव पडला तर तुझ्याकडे येईन.” मी ये म्हटलं. आवक नोंदीचा शिक्का मारलेली प्रत वहीत ठेवली आहे, अंधेरीच्या पोचेच्या शिक्क्याशेजारी. दोन्हींची शाई जांभळीच आहे.

जानेवारीत, भात झोडून झाल्यावर, बांधाचं पक्कं काम निघालं. मी आदल्या रात्रीच गेले. बांधाच्या आतल्या कडेला, जिथे खारं पाणी पोचलं नव्हतं, तिथे वाल शेंगांवर आला होता. रात्री पोरांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वर पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. भांबुर्ड्याचा तो उग्र, किंचित कडवट वास केसांत बसतो तो दोन दिवस जात नाही. आईनं शेंग सोलून दाणा तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही तेच आठवलं असणार.

सकाळी सातला ओहोटी लागली होती. बांधावर सगळे गोळा झाले. थंडीत चिखलाची वाफ निघत होती, खाडीपलीकडून कारखान्याच्या भोंग्याचा आवाज आला. काकांनी वही उघडली, चष्मा लावला आणि नावं पुकारायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला ओ यायची, काका खूण करायचे. कुणाचा मुलगा, कुणाची सून, एका म्हाताऱ्या बाईनं मजूर पाठवला होता आणि स्वतःही काठी टेकत येऊन उभी होती. एकोणतिसाव्या ओळीला आल्यावर काका थांबतील, ओळ सोडून देतील, असं मला वाटलं. त्यांनी ते लांबलचक नाव, ‘प्रायव्हेट लिमिटेड’सकट, इतर नावांइतक्याच मोठ्यानं पुकारलं. मग मान वर करून बांधाच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. इतरांसाठी थांबले होते तेवढाच वेळ थांबले. वारा होता. कुणी हसलं नाही. काकांनी पुन्हा एकदा नाव पुकारलं, रकान्यात काहीतरी लिहिलं, वही कमरेला खोचली आणि फावडं उचललं. पाणी फिरायला अजून पाच तास होते.